वारसा कर येईल या भीतीने फ्लॅट फॅमिली ट्रस्टमध्ये टाकावेत का?

तुम्ही विचारलंय की दोन फ्लॅट आणि थोडे शेअर्स आहेत, वारसा कर (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर) परत येणार असं कानावर येतंय, तर त्याआधीच फॅमिली ट्रस्ट करून, म्हणजे मालमत्ता घरच्यांच्या लाभासाठी ट्रस्टींच्या (विश्वस्तांच्या) ताब्यात देऊन, मोकळं व्हावं का. निव्वळ त्या भीतीपोटी नको, असं माझं मत. मी वकील नाही. एका सीएंच्या ऑफिसात बरीच वर्षं ट्रस्टची रिटर्न्स भरतोय, त्यावरून सांगतो.

हा कर आपल्याकडे होऊन गेलाय. 1953 चा इस्टेट ड्युटी कायदा, वरच्या टप्प्यात दर 85 टक्क्यांपर्यंत. वसुली जेमतेम 20 कोटींच्या घरात आणि व्याप फार, म्हणून 1985 मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो काढून टाकला. एवढं सगळेच सांगतात. पण मालमत्ता ट्रस्टला देऊन हयातभर तिचं उत्पन्न स्वतःच घ्यायचं, ही वाट त्या कायद्याने तेव्हाच बुजवली होती. असा माणूस गेला की ती मालमत्ता त्याचीच धरून कर लागे. मृत्यूआधीच्या दोन वर्षांतली बक्षिसंही हिशोबात येत.

दुसरा किस्सा आयकराचा. उत्पन्न अनेक ट्रस्टांत वाटून प्रत्येकाला खालचा स्लॅब मिळवायचा, ही जुनी युक्ती. वाटप ट्रस्टींच्या मर्जीवर सोडलेल्या ट्रस्टांना 1970 मध्ये किमान 65 टक्के दर लावला, 1980 मध्ये थेट सर्वोच्च दर. आधीपासून आहेत म्हणून सरसकट कुणाला सोडलं नाही. 1 मार्च 1970 पूर्वीचे जे ट्रस्ट खरोखर अवलंबून असलेल्या नातेवाइकांच्या पोषणासाठी होते, त्यांना तेवढी सूट मिळाली. उद्याचा कायदा काय म्हणेल याचा अंदाज बांधायचाच असेल, तर मी इथून बांधीन: ट्रस्ट आधीच केलाय म्हणून सुटका होईलच असं नाही.

मागे एक निवृत्त काका मसुदा घेऊन आले होते. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बावीस पानं, चौदाव्या कलमाखाली पेन्सिलची रेघ. कलम असं, की सेटलर, म्हणजे ट्रस्ट करून मालमत्ता देणारा, वाटेल तेव्हा ट्रस्ट रद्द करून मालमत्ता परत घेऊ शकतो. मी म्हटलं, "काका, हे ठेवलंत तर भाड्याचं उत्पन्न आजही तुमच्याच नावावर धरतील. ट्रस्ट असून नसल्यासारखा."

"मग काढू या ते."

"काढलंत तर फ्लॅट तुमचा राहणार नाही. विकायचा झाला तर ट्रस्टी ठरवतील."

"म्हणजे माझ्याच घराच्या भाड्यासाठी मी पोराकडे हात पसरायचा?" फोल्डरचं बटण लावलं, चहा प्यायले आणि गेले. मला ते पटलं.

आजचे नियम थोडक्यात. लाभार्थी आणि त्यांचे हिस्से डीडमध्ये (ट्रस्टच्या दस्तात) ठरलेले असतील तर कर साधारण त्यांच्या दराने. नसतील तर सर्वोच्च दराने. पत्नीच्या लाभासाठी दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न फिरून तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. फ्लॅटसाठी डीड नोंदणीकृत लागतं. आणि मुद्रांक शुल्क आधी विचारून घ्या: महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक आकार वेगळे. ट्रस्टच्या नावावर करताना तीच सवलत मिळेल असं गृहीत धरू नका. जो कर अजून आलेला नाही तो चुकवायला आजच खिशातून लाखो घालवायचे, हा हिशोब मला जमत नाही.

मी ट्रस्टच्या विरोधात आहे असं समजू नका. आमच्याकडे एक बाई येतात, त्यांच्या मुलाला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत. त्यांनी मृत्युपत्रातूनच ट्रस्टची तरतूद केली. फक्त अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी मृत्युपत्राने केलेला असा एकच ट्रस्ट असेल, तर सर्वोच्च दर न लागता नेहमीचे स्लॅब लागतात. पण बाईंनी पहिल्या भेटीत कराबद्दल विचारलंच नव्हतं. "मी गेल्यावर याच्या औषधांची बिलं कोण भरणार?" एवढंच विचारलं होतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर ते लिहा, मग उत्तर बदलेल. नसेल तर नवरा-बायको दोघांचीही साधी मृत्युपत्रं आणि डीमॅट खात्याचं नॉमिनेशन, ही कामं आधी उरका.