गच्चीवरचे थर्माकोलचे तुकडे

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. तिने सिव्हिल इंजिनिअर व्हावे, हे आम्ही ती आठवीत असतानाच ठरवले आहे. तिचे मामा पूर्वी थर्माकोलची मखरे करत. 2018 च्या बंदीनंतर ते बंगल्यांसाठी लेप दिलेले थर्माकोलचे खांब आणि कॉर्निस (भिंतीच्या वरच्या कडेची नक्षीदार पट्टी) बनवतात. मुलगी तिथेच रमते. दोन पावसाळे गच्चीवर तुकडे मांडून ठेवले आहेत आणि वहीत काहीबाही लिहीत असते. थर्माकोलला भवितव्य नाही, हे आपण तिला पटवून द्यावे. – एक पालक, सांगली

उत्तर : तिच्या गुणांची मला काळजी वाटली नाही, ‘आम्ही ठरवले आहे’ या शब्दांची मात्र वाटली. तेरा वर्षांच्या मुलीबद्दल घेतलेला निर्णय ती सतरा वर्षांची झाल्यावरही तसाच उभा आहे, आणि आपल्या पत्रात तिचे स्वतःचे एकही वाक्य नाही. ज्याला आपण पसारा समजता, तेच काम रंग बनवणाऱ्या कंपन्या पगार देऊन करून घेतात: लेप दिलेले नमुने दक्षिणेकडे तोंड करून उन्हापावसात ठेवायचे आणि महिनोन्‌महिने नोंदी घ्यायच्या. कोणी न सांगता दोन वर्षे हे करणाऱ्या मुलीला मी काही पटवून द्यावे, अशी आपली अपेक्षा चुकीची आहे.

थर्माकोल म्हणजे मखर, आणि मखर म्हणजे दहा दिवसांची वस्तू, हा समज आता सोडावा. नॉर्वेत 1972 पासून रस्त्यांच्या भरावात त्याचे ठोकळे घातले जात आहेत. त्यात सुमारे 98 टक्के हवा असते. काँक्रीटचे वजन घनमीटरला 2400 किलो, तर याचे वीसच्या आसपास, म्हणून जुन्या भिंतीवरही कॉर्निस चढवता येते. उघडे ठेवले तर ते उन्हाने पिवळे पडून भुरभुरते, थिनरने तर विरघळते. म्हणजे टिकाऊपणा असतो तो फायबरची जाळी आणि पॉलिमर (प्लास्टिकच्या जातीचे द्रव्य) मिसळलेल्या सिमेंटच्या पातळ लेपात, आणि त्याहून अधिक सांध्यांत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे 1990 च्या दशकात थर्माकोलवर असा लेप दिलेल्या भिंतींची घरे कुजली, ती लेप खराब होता म्हणून नव्हे, तर खिडक्यांच्या कडेने शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून. मात्र मामांच्या खांबाच्या आत भार पेलणारा खरा खांब लागतोच, आणि लेप दिला म्हणून थर्माकोल अज्वलनशील होत नाही, हेही तिला ठाऊक असले पाहिजे.

सिव्हिलसाठी एमएचटी-सीईटी आहे, ती तिने द्यावीच. पण तिचा प्रश्न सिव्हिलचा नाही, रसायनाचा आहे. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत सरफेस कोटिंग (रंग आणि लेप) आणि पॉलिमर या दोन्ही विषयांत बी.टेक. करता येते, आणि तिथेही हीच सीईटी चालते. आपण हे नाव ऐकले नसेल, यात तिचा दोष नाही.

तूर्तास गच्ची साफ करू नये. एखाद्या तुकड्याच्या कोपऱ्याला तडा गेला असेल, तर तो तिने आडवा कापून पाणी आत किती मिलिमीटर गेले ते मोजावे, आणि पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे.