चमक उतरली, पण रेणू बसला कुठे?

प्रश्न : वासराच्या थायमस ग्रंथीचा डीएनए आणि इथिडियम ब्रोमाइड (डीएनएच्या बेसजोड्यांच्या मध्ये शिरलं की चमकणारं रंगद्रव्य) यांच्या द्रावणात आम्ही तांब्याचं कॉम्प्लेक्स (तांब्याला सेंद्रिय रेणू जोडलेलं संयुग) थोडं थोडं घातलं. चमक उतरत गेली. कॉम्प्लेक्स बेसजोड्यांच्या मध्ये शिरतं असं लिहावं का?

उत्तर : एवढ्यावरून लिहू नका. कॉम्प्लेक्सने इथिडियमला हुसकलं असेल. किंवा इथिडियम जागेवरच आहे आणि शेजारी आलेल्या तांब्याने त्याची चमक मारली, हेही शक्य आहे. तांब्याचा द्विसंयुजी आयन यात पटाईत. तिसरी शक्यता, इथिडियमला चमकवायला लागणारा ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तुमचं कॉम्प्लेक्सच शोषतं. त्याचा वर्णपट घेतलात की ही शंका तरी लगेच फिटेल.

उरलेल्या दोन्हींसाठी विष्यंदिता, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, मोजा. शेजारच्या बेसजोड्यांत ३.४ अँगस्ट्रॉम अंतर असतं. सपाट रेणू मध्ये शिरला की त्या जागी ते ६.८ होतं, साखळी लांबते आणि द्रावण केशनळीतून सावकाश उतरतं. डीएनएच्या बाहेरच्या खाचेत बसणारा रेणू हा वेळ फारसा बदलत नाही. डीएनए आधी ध्वनिलहरींनी तोडून सुमारे २०० बेसजोड्यांचा करून घ्या. लांब धागा गुंडाळला जातो आणि फरक झाकतो. तापमान २५ अंशांवर स्थिर ठेवा, दर नमुन्याचा वेळ तीनदा घ्या आणि सापेक्ष विष्यंदितेचं घनमूळ कॉम्प्लेक्स आणि डीएनए यांच्या प्रमाणाच्या गुणोत्तराविरुद्ध मांडा.

हे गुणोत्तर काढतानाच बहुतेक चुका होतात. डीएनएचं प्रमाण तो किती प्रकाश शोषतो यावरून काढतात. त्यासाठी २६० नॅनोमीटरला शोषणगुणांक प्रति न्यूक्लिओटाइड ६,६०० आणि प्रति बेसजोडी १३,२०० धरतात. एकाच्या जागी दुसरा वापरला की सगळे आकडे दुप्पट किंवा निम्मे होतात. बफरकडेही (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाकडेही) बघा : ट्रिस तांब्याला धरतो, ईडीटीए तर कॉम्प्लेक्समधून तांबं काढूनच घेतो. त्यापेक्षा मॉप्स हा बफर बरा. मीठ सर्व नमुन्यांत सारखं हवं, कारण त्यातला सोडियम डीएनएच्या फॉस्फेटांभोवतीची जागा अडवतो.

प्रश्न : लोहाची तिहेरी दंडगोल संयुगंही (लोहाच्या दोन आयनांभोवती तीन सेंद्रिय साखळ्या गुंडाळलेली) बेसांच्या मध्येच शिरतात का?

उत्तर : नाही, ती त्यासाठी फार जाड आहेत. लांबी सुमारे २ नॅनोमीटर, जाडी १, भार चार धन. ती रुंद खाचेत बसतात आणि डीएनएला गुंडाळतात. धातू आत दडलेला असतो, त्यामुळे त्याचा बेसांशी थेट बंध होत नाही. भिडतं ते बाहेरचं सेंद्रिय कवच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिक रचनेत असा दंडगोल डीएनएच्या तीन फांद्या मिळतात त्या पोकळीत नेमका बसलेला दिसतो. म्हणून नुसत्या सरळ दुहेरी साखळीवर चाचणी करून थांबू नका, तीन फांद्यांचा डीएनएही घ्या.

प्रश्न : सिस्प्लॅटिन (प्लॅटिनमचं कर्करोगावरचं औषध) डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवलं तर चालेल?

उत्तर : मुळीच नको. डीएमएसओचं गंधक प्लॅटिनमवरच्या क्लोराइडची जागा घेतं आणि डीएनएमधल्या ग्वानिन या बेसच्या एन-७ या नायट्रोजनला बांधणारं मूळ संयुग उरतच नाही. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात द्रावण करा. त्यातलं क्लोराइड प्लॅटिनमवरच्या क्लोराइडला सुटू देत नाही. मात्र डीएनएशी अभिक्रिया कमी क्लोराइडच्या बफरमध्ये करा, नाहीतर बंध बनायला फार वेळ लागेल.