इतिहासाचे बारकावे असलेलं फॅन फिक्शन सुचवाल का? पोर्तुगीज काळातला गोवा असेल तर उत्तम.

गोव्यावरच्या कथा विरळच, म्हणून सुरुवात पॅरिसपासून करा. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संकेतस्थळावर व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी शोधा आणि ‘कॅनन एरा’ (म्हणजे मूळ कादंबरीच्याच काळात घडणाऱ्या कथा) हा टॅग लावा. १८३२च्या जूनमधला उठाव, त्याच वर्षीची कॉलऱ्याची साथ... लिहिणारे कसून अभ्यास करतात, काही जण तर तळटिपाही देतात.

नेपोलियनकाळातल्या आरमारी कादंबऱ्यांवरच्या कथाही बघा. फ्रेंचांच्या धास्तीने इंग्रजी पलटणी गोव्यात आग्वाद आणि काबोला येऊन बसल्या होत्या त्या ह्याच काळात, त्यामुळे आपल्याला तो माहोल अगदीच परका नाही.

गोव्यावरची कथा सापडलीच, तर आधी तिचं स्वयंपाकघर तपासा. १५१०च्या, म्हणजे पोर्तुगीजांनी गोवा घेण्याच्या, आधीच्या हुमणात (माशाच्या कालवणात) लाल मिरची दिसली की मी पुढे वाचत नाही. मिरची आणि काजू दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आले. त्याआधी तिखटाला मिरी. दुसरी खूण फोंड्याची. सोळाव्या शतकात तिथे पोर्तुगीज अंमल दाखवला असेल तर लेखक घाईत आहे. कुठ्ठाळीचा मंगेश फोंड्यातल्या प्रियोळला नेला तोच मुळी तो मुलूख आदिलशाहीत होता म्हणून!

वेळ कमी असेल तर शब्दसंख्येचा फिल्टर लावा, नाहीतर लाखभर शब्दांची कथा गळ्यात पडते.