'प्लेइंग कॅच-अप' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ताई, मीटिंगमध्ये आमचे सर म्हणाले, 'वी आर प्लेइंग कॅच-अप', आणि मैत्रिणीचा मेसेज येतो, 'लेट्स कॅच अप'. दोन्हीचा अर्थ एकच का? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : नाही गं, बराच फरक आहे. मैत्रिणीचं सोपंय, भेटू, निवांत गप्पा मारू, मधे काय काय झालं ते सांगू, बस्स. सरांचं मात्र जरा गंभीर आहे, आपण मागे पडलोय आणि पुढच्याला गाठायला धावतोय असं ते म्हणतायत, आणि गाठलं की नाही ते त्यात येतच नाही.

अमेरिकेत हे खेळात सारखं ऐकू येतं. तिकडच्या फुटबॉलमध्ये बॉल घेऊन पळालं आणि मैदानातच अडवलं की घड्याळ सहसा चालूच राहतं, पण फेकलेला पास कोणी पकडला नाही तर ते थांबतं, म्हणून मागे पडलेली टीम पासवर पास फेकत सुटते, आणि समोरच्यांनाही ते माहीत असतंच. २०१७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिकडच्या फायनलमध्ये, न्यू इंग्लंड पेट्रियट्स ही टीम २८-३ ने मागे होती, त्यांचा पास फेकणारा टॉम ब्रेडी, त्याने त्या मॅचमध्ये तब्बल ६२ पास फेकले आणि टीम ओव्हरटाइममध्ये ३४-२८ ने जिंकली. असं क्वचितच होतं, एरवी घाईत चुकाच जास्त होतात.

खेळाबाहेरचं बघायचं तर अंतराळ घे. रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक हा जगातला पहिला उपग्रह सोडला, अमेरिकेने डिसेंबरमध्ये व्हॅनगार्ड रॉकेट सोडायला घेतलं तर ते लाँचपॅडवरच पेटलं, मग जानेवारीअखेर त्यांचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ गेला. १९६१ मध्ये परत तेच, एप्रिलात रशियाचा अंतराळवीर गागारिन पृथ्वीला फेरी मारून आला, मे महिन्यात अमेरिकेचा ॲलन शेपर्ड गेला पण पंधरा मिनिटांत खाली, फेरी नाहीच. या काळाला 'अमेरिका वॉज प्लेइंग कॅच-अप' अगदी चपखल बसतं, कारण पुढचं पाऊल कुठे पडणार ते मॉस्को ठरवत होतं.

वापरताना 'प्लेइंग कॅच-अप विथ' म्हणून पुढे ज्याला गाठायचंय त्याचं नाव. साठलेल्या मेल किंवा राहिलेल्या झोपेसाठी 'कॅच अप ऑन' पुरतं, 'प्ले' नको. आणि क्लायंटला लिहिताना जपून, तिथे ती आपण मागे असल्याची कबुली होते. अंतर खरंच कमी होत असेल तर सरळ 'वी आर कॅचिंग अप' लिही.