पेशीतला पीएच मोजायला बसण्याआधी
पीएचनुसार चमक बदलणारं हिरवं रंगद्रव्य भरलेले नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) पेशींना दिल्यावर पेशीत हिरवे ठिपके चमकले की लगेच आकडे लिहायला घेऊ नकोस. आधी ते नेमके कुठे आहेत ते बघ. पेशीने गिळलेले नॅनोकण बहुतेक वेळा लायसोसोममध्येच, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या आम्लधर्मी पिशव्यांमध्येच, अडकतात. तिथला पीएच ४.५ ते ५, पेशीद्रवाचा ७.२ च्या आसपास.

रंगद्रव्य त्यानुसार निवड. फ्लुओरेसिन या हिरव्या रंगद्रव्याचा पीकेए (ज्या पीएचला त्याची चमक साधारण निम्मी होते तो आकडा) साधारण ६.४, त्यामुळे लायसोसोममध्ये ते जवळजवळ विझलेलंच असतं. तिथे ओरेगॉन ग्रीन बरं, त्याचा ४.७. त्याच कणात पीएचला दाद न देणारं रोडामाइनसारखं लाल रंगद्रव्यही हवंच. नुसती हिरवी चमक कण किती साचलेत त्यावरही बदलते, म्हणून हिरव्या-लालचं गुणोत्तर घ्यायचं.

कॅलिब्रेशन (कोणतं गुणोत्तर म्हणजे कोणता पीएच हे ठरवणं) मात्र पेशीतच कर, हा माझा आग्रह आहे. मी सुरुवातीला क्युव्हेटमधल्या (मोजणीच्या पारदर्शक नळीतल्या) बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणावर, विसंबले आणि तीन महिन्यांची मोजणी बाद झाली. पोटॅशियम जास्त असलेल्या बफरमध्ये नायजेरिसिन आणि मोनेन्सिन ही पटलातून आयन आरपार नेणारी रसायनं घाल, म्हणजे आतबाहेरचा पीएच सारखा होतो. दोन्ही विषारी आहेत, हातमोजे विसरू नकोस. आणि कण न घातलेल्या पेशींचा फोटो दर वेळी घे. त्यांची स्वतःची चमक वजा करायला तो लागतोच.