आई एसटीने सोलापूरला येते, स्टँडबाहेर रस्ता ओलांडायला घाबरते, तिला नेमकं काय सांगू?

तुम्ही विचारलंय की आई दवाखान्यासाठी गावाकडून एसटीने येतात, स्टँडबाहेर नाहीतर पुढं सिटी बसमधून उतरल्यावर रस्ता ओलांडताना घाबरतात, तर त्यांना काय सांगायचं. मी रिक्षा चालवतो, शिवाजी चौक, सात रस्ता, आसरा हाच आपला पट्टा, त्यामुळं हँडलमागं बसल्यावर काय दिसतं आणि काय अजिबात दिसत नाही ते सांगतो. डावीउजवीकडं बघा हे तर शाळेतच शिकवतात.

त्यांना एवढंच पक्कं सांगा की उतरल्यावर बस निघून जाऊ दे, मग रस्ता ओलांड. लोक काय करतात, उतरले की लगेच पिशवी सावरत बसच्या नाकापुढून वळतात, आणि बसच्या उजव्या अंगानं ओव्हरटेक करत दुचाकी येतेच येते, तिला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला ती दिसत नाही कारण मधे आख्खी बस उभी आहे. हिशोब करून बघा, ताशी ४० चा स्पीड म्हणजे सेकंदाला ११ मीटर, माणूस दिसला आणि ब्रेकवर पाय गेला यातच एक सेकंद जातो, नंतर गाडी थांबायला अजून नऊएक मीटर, म्हणजे एकूण २० मीटर लागले. एसटी असते साधारण ११-१२ मीटर लांब. दुचाकीवाला बसच्या शेपटापाशी असताना तुम्ही पुढून डोकावलात तर त्याच्याकडं जागाच नाही, मग तो कितीही चांगला चालवणारा असू दे.

आणि बसच्या ड्रायव्हरनं हात केला म्हणून जाऊ नका. तो बिचारा चांगल्या मनानं 'जावा मावशी' म्हणतो, पण त्याच्या बाजूनं मागून कोण येलालंय याची गॅरंटी तो देऊ शकत नाही. शिवाय अगदी बॉनेटला चिकटून, थोडं वाकून गेलेला बुटका माणूस त्याला वर सीटवरून दिसतच नाही. मागच्या बाजूनं गेलं तर? पुढून जाण्यापेक्षा बरं, उजवीकडून येणारी गाडी तरी दिसते, पण डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी बसमुळं लपते. स्टँडच्या आत मात्र बसच्या मागं उभंच राहायचं नाही, तिथं बस रिव्हर्स घेते.

बस पकडताना वेगळाच प्रकार. बस नीट लागलेली पण नसते आणि लोक खिडकीतून रुमाल, टॉवेल, टोपी टाकायला बाजूनं पळतात, जागा धरायची असते ना. बस वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही, आत कापतं, आणि पळणारा माणूस नेमका तिथंच असतो. पळू नका की ओ, उभं राहून गेलात तरी गाव तेवढंच लांब आहे. आषाढीला पंढरपूरच्या आणि नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत तर हे जास्तच.

उसाच्या सीझनला अजून एक. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात, संध्याकाळी मागं लाईट पण नसतो बऱ्याचदा, इंजिन पुढून गेलं की लोकांना वाटतं झालं, आणि पाऊल टाकतात. दुसरी ट्रॉली पूर्ण जाईपर्यंत जागचं हलायचं नाही.

उन्हाळ्यात बायका पदर असा पुढं ओढून घेतात की बाजूचं काहीच दिसत नाही, पुरुषांचं पण गमछ्याचं तेच. ऊन आहे मान्य, आपल्याकडं ४२-४३ सहज जातं, पण रस्त्यात उतरायच्या आधी पदर कानामागं घ्यायला सांगा. मोबाईल कानाला असेल तर कडेला उभं राहून बोलणं संपवायचं. ई-रिक्षा, बॅटरीवरच्या गाड्या आवाज करत नाहीत, त्यामुळं कानावर विसंबायचे दिवस गेले.

वयस्कर माणसाचा वेळ पण धरा. सात मीटरचा रस्ता त्यांना आठेक सेकंद घेतो, तेवढ्यात ४० च्या स्पीडची गाडी ८०-९० मीटर येते. म्हणजे लांब दिसणारी गाडी लांब नसते. डिव्हायडर असेल तर अर्धा रस्ता एकदम, मग तिथं थांबायचं, पुढचा अर्धा नव्यानं बघायचा. दोन्ही बाजूला बघायचं, एकेरी बाजू असली तरी, कारण राँग साईडनं येणारे आपल्याकडं कमी नाहीत (आमचेही काही भाऊ त्यात आहेत, खोटं कशाला बोलू). एक गाडी थांबली म्हणजे तिच्या पलीकडच्या लेनमधली पण थांबेल असं नाही, तिच्या नाकापाशी थांबून पलीकडं डोकावायचं आणि मगच पुढं. आणि एकदा निघालात की मधेच मागं पळायचं नाही, आम्ही तुमच्या चालीचा अंदाज घेऊन गाडी मागून काढत असतो, तुम्ही उलटे फिरलात की आमचा अंदाज चुकतो.

झेब्राचे पट्टे पुसट असले तरी तिथूनच जा, सिग्नल असेल तर दहा पावलं जास्त चाला. आईंना एकटीला जमत नसेल तर कॉलेजच्या पोरापोरींना म्हणायचं, 'बाळा, पलीकडं सोड रे', कुणी नाही म्हणत नाही सोलापुरात.

आता रिक्षाचं. बरेच लोक पलीकडून शेअर रिक्षा मिळते, दहा-वीस रुपये वाचतात म्हणून रस्ता ओलांडतात. आईंना सांगा स्टँडच्याच बाजूला रिक्षा करायची, बसताना डाव्या अंगानं, उतरताना पण डाव्याच, आणि 'दवाखान्याच्या गेटपाशी सोडा, रस्त्याच्या पलीकडं नको' असं बसायच्या आधीच ठरवून घ्यायचं. रिक्षावाला वळसा घ्यावा लागेल म्हणून जास्त मागेल, तर द्या त्याला.