डी-थ्री म्हणजे थर्ड क्लास का हो ताई?

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे वन, टू, थ्री असे डिव्हिजन असतात, त्यातलं तिसरं म्हणजे डी-थ्री. मी खेळणाऱ्या मुलांना कॉलेज निवडायला मदत करते, त्यामुळे हा प्रश्न मला इथे न्यू जर्सीतले आपले मराठी पालक वर्षातून पाच-सहा वेळा तरी विचारतात, शब्द बदलतात पण दुखणं तेच. मागची एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

मुलगी अकरावीत, स्विमर, ब्रेस्टस्ट्रोक. आठव्या वर्षापासून क्लबमध्ये, पहाटे बाबा सोडणार आणि मग पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा पीत बसून राहणार. बाबा मूळचे सांगलीचे, शाळा-कॉलेजात कायम फर्स्ट क्लास, त्यामुळे त्यांच्या डोक्यात डिव्हिजन वन म्हणजे फर्स्ट क्लास आणि थ्री म्हणजे काठावर पास. "एवढी वर्षं घासून शेवटी डी-थ्री?" असं म्हणाले तेव्हा आवाज बसला होता त्यांचा.

मी म्हटलं, अहो हे मार्कांचे वर्ग नाहीत, कॉलेज खेळासाठी किती पैसा ओततं आणि मुलांकडून किती वेळ मागतं याचा हिशोब जास्त आहे. डी-थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते हे खरं, पण अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळू शकते आणि कधीकधी तीच मोठी निघते. स्विमिंगमध्ये एमआयटी डी-थ्री, शिकागो डी-थ्री, एमोरी डी-थ्री. उलट आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) डी-वन असून खेळाची स्कॉलरशिप देतच नाही. बाबा गप्प. (एमआयटी म्हटलं की आपली माणसं गप्प होतातच.)

मग फुल राइडचा, म्हणजे सगळा खर्च भागवणाऱ्या स्कॉलरशिपचा विषय निघाला, तो निघतोच. डी-वनला मुलींच्या स्विमिंगमध्ये २०२५ पर्यंत अख्ख्या टीममागे १४ स्कॉलरशिप्सची मर्यादा होती आणि कोच त्याच तुकडे करून वाटायचे, फुल राइड एखाद-दुसरीलाच. आता नियम बदललेत, बऱ्याच मोठ्या कॉलेजांत त्याऐवजी टीममध्ये किती जणी ठेवायच्या यावरच मर्यादा आली, म्हणजे काठावरच्या मुलींना जागा मिळणं अजून अवघड.

पण खरं काम झालं ते लॅपटॉपवर. सहा कॉलेजं घेतली आणि प्रत्येकाच्या मागच्या वर्षीच्या कॉन्फरन्स चॅम्पियनशिपचे (कॉन्फरन्स म्हणजे आपसात स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांचा गट) रिझल्ट उघडले. मुलीचा १०० यार्डांचा टाइम १:०६, तो प्रत्येक यादीत कुठे बसतो ते तिलाच शोधायला लावलं, कारण बऱ्याच ठिकाणी पहिल्या सोळात (काही ठिकाणी चोवीसात) आलं तर संध्याकाळी परत पोहायला मिळतं आणि टीमला पॉइंट्स मिळतात, नाहीतर सकाळीच बॅग भरायची. बाबांच्या लाडक्या मोठ्या डी-वनमध्ये ती जवळजवळ तळाला, एका छोट्या डी-वनमध्ये सतरा-अठरावी, आणि दोन डी-थ्रीत सहावी-सातवी. नंतर रोस्टर, म्हणजे टीमच्या याद्या बघितल्या, एका ठिकाणी फर्स्ट इयरला नऊ मुली आणि लास्ट इयरला तीन, जुने रोस्टर काढले तर दरवर्षी तेच, मग बाकीच्या जातात कुठे? हे कोचला विचारायलाच हवं, आणि तिथे पोहणाऱ्या मुलींना तर आधी.

इतका वेळ मुलगी काही बोलली नव्हती. मग हळूच म्हणाली, "मला रिलेमध्ये पोहायचंय." डी-वनच्या टीममध्ये नाव असणं वेगळं आणि मीटला घेऊन जाणं वेगळं, हे तिला कळलं होतं, बाबांना नव्हतं. शिवाय तिला बायोलॉजी करायचंय, लॅब दुपारच्या. डी-वनला सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे पण त्यात प्रवास धरत नाहीत, फिजिओकडचा वेळ धरत नाहीत, आणि मीटचा अख्खा दिवस तीनच तास मोजतात! डी-थ्रीतही पहाटे उठावं लागतंच, तिकडे मजा असते असं कुणी समजू नका, फक्त लॅबसाठी प्रॅक्टिस चुकली तर बहुतेक कोच समजून घेतात.

शेवटी मी सगळ्यांना विचारते तेच तिला विचारलं, उद्या गुडघा गेला (ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा जातो), पोहणं बंद झालं, तर या कॉलेजात राहशील का? सहापैकी तीन नावं तिने स्वतः खोडली, त्यात बाबांचं लाडकंही होतं.

गेली ती एका डी-थ्रीला. फेब्रुवारीत बाबांचा मेसेज आला, बी फायनलला (संध्याकाळची दुसरी फायनल) आली, मेडले रिलेतही घेतलंय, सोबत पूलसाइडचे अकरा फोटो. आणि खाली, ताई, धाकटा टेनिस खेळतो, त्याचं यूटीआर (टेनिसचं रेटिंग) पाठवू का, डी-वनला चालेल ना?